काका, जॅकेटांवर नावं लिहिलीत त्याबद्दल

आदरणीय काका,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर इंजिनाचं काम शिकलेला, नौदलात इंजिनरूममध्ये उभं आयुष्य काढलेला आणि आता वारज्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा माणूस. आभार मानायला वर्ष गेलं, त्याबद्दल आधी माफी.

मागच्या ऑगस्टमध्ये मासेमारीची पावसाळी बंदी उठून आठवडाच झाला होता. पहाटे रेंजमध्ये आल्यावर आमच्या मासेमारीच्या बोटीच्या तांडेलांचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्यांचा, फोन आला. रात्री दोनच्या सुमाराला इंजिनाचं फ्लायव्हील पाणी उडवायला लागलं, तेव्हा फळ्यांखाली पाणी भरल्याचं कळलं. पंपाची जाळी खवल्यांनी आणि जाळ्याच्या धाग्यांनी गच्च झालेली. वर डेकवर मासळीचा ढीग. बोट एका अंगावर कलली आणि लवकर सरळ होईना. सातही पोरांनी बादल्यांनी पाणी उपसलं, ढीग खाली घेतला आणि कसेबसे हर्णैला आले. मी जिन्यात बसून रडत होते. तुम्ही दूध घेऊन वर चालला होतात. थांबलात आणि एकच विचारलंत, "पाणी आलं कुठून?"

काका, हा प्रश्न त्याआधी मला कुणीच विचारला नव्हता. आबांना अर्धांगवायू झाला, त्यांना पुण्याला आणलं आणि बोटीचा कारभार माझ्यावर आला. तेव्हापासून मी किती जणांचे उंबरे झिजवले! एका सल्लागारानं घसघशीत फी घेऊन साठ पानांची फाईल दिली, तिच्यात आमच्या बोटीबद्दल एक ओळ नव्हती. विम्यासाठी आलेल्या साहेबांनी धक्क्यावरूनच फोटो काढले, बोटीवर पाय ठेवला नाही. एका मेकॅनिकनं तर तोंडावर सांगितलं, "ताई, पुण्यात बसून बोट चालत नसते." लागलं ते मनाला. पण त्या रात्रीनंतर वाटायला लागलं, खरंच बोलला असेल.

तुम्ही संध्याकाळी खाली आलात ते थेट आबांच्या खाटेपाशी. "नाखवा, तुमच्या बोटीवर चढू का?" असं त्यांना, बोटीच्या मालकाला, विचारलंत. आबांना बोलता येत नाही, त्यांनी चांगला हात उचलला. मग तुम्ही माझ्याकडून परात मागितलीत, अर्धी पाण्यानं भरलीत आणि त्यांच्या हातात दिलीत. हात जरा कलला की सगळं पाणी त्याच बाजूला धावायचं आणि परातीला आणखी खाली ओढायचं. तेच पाणी कळशीत ओतलंत, तर कळशी हलली तरी तोल जाईना. बोटीच्या तळात मोकळं हिंडणारं पाणी हे परातीतलं पाणी, म्हणालात, आणि त्यावर डेकवर मासळीचा ढीग म्हणजे डोक्यावर ओझं घेऊन परात धरणं. आबांना हे चाळीस वर्षं अंगानं माहीत होतं. २००९च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं, तेव्हा वेळेत आंजर्ल्याच्या खाडीत शिरलेले ते. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आबा हसले, काका. आजारपणानंतर पहिल्यांदा.

पुढच्याच शनिवारी तुम्ही माझ्याबरोबर ताम्हिणी उतरून हर्णैला आलात. बहात्तराव्या वर्षी वाकून शाफ्टच्या ग्लँडपाशी, म्हणजे पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो त्या जागेपाशी, बसलात. शाफ्ट फिरताना तिथून थेंब थेंब पाणी आलंच पाहिजे, धार लागली तर पॅकिंग गेलं, हे मला तुमच्याकडून समजलं. बाकी काय काय दुरुस्त केलंत त्याची यादी देत नाही, तांडेलांनी ती पाठ केली आहे. वायरलेस आता बंद नसतो, संकटात हाक द्यायचा चॅनल १६ रात्रभर चालू असतो, आणि तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ केबिनच्या दारावर लाल रंगात लिहिलेला आहे.

पण हे पत्र लिहायचं कारण दुसरंच आहे. आमची लाइफ जॅकेटं जाळ्यांखाली गोणीत बांधलेली होती, कंपनीच्या प्लास्टिकसकट. तपासणीला दाखवायची आणि परत कोंबायची. जॅकेट घालत नाहीत म्हणून पोरांवर ओरडणारे खूप पाहिलेत, मीसुद्धा ओरडले आहे. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. डेकवर मांडी घालून बसलात, खिशातून काळा मार्कर काढलात आणि एकेकाला नाव विचारत गेलात. आमचे पाच खलाशी नेपाळचे. इतक्या वर्षांत त्यांना "ए भाई" आणि "ए बहादूर" याखेरीज हाक नाही, आमच्या घरातूनही नाही. तुम्ही पूर्ण नाव, आडनावासकट, देवनागरीत लिहिलंत. सगळ्यात लहान पोरगा ते वाचून हळूच म्हणाला, "साब, दीर्घ." तुम्ही चष्मा वर करून बघितलंत, "चुकलंच माझं" म्हणालात, जॅकेट उलटं केलंत आणि मागच्या बाजूला दीर्घ ईकार काढून सगळं नाव पुन्हा नीट लिहिलंत. त्यानं ते जॅकेट तिथंच अंगात चढवलं. जेवतानासुद्धा काढलं नाही.

आता रात्री डेकवर एकटा उभा राहणारा आणि खाडीच्या तोंडातून आत-बाहेर करताना प्रत्येक जण जॅकेट घालतो. कुणाला सांगावं लागत नाही. एकाचं दुसऱ्यानं घेतलं तर भांडण होतं.

पुण्यात गणेश पेठेतल्या मासळी बाजारात पहाटे आमची सुरमई उतरते तेव्हा भावाची घासाघीस चालते, बर्फ किती, वजन किती. ती आणणाऱ्या पोरांचं नाव तिथं कोण विचारणार? मीही विचारलं नव्हतं. तुम्हाला ना मासळीचा धंदा करायचा होता, ना पैसे घेतलेत, डिझेलचे दिले तेही आबांच्या उशीखाली ठेवून गेलात. अशी माणसं असतात, हे मी फक्त आबांच्या गोष्टींत ऐकलं होतं.

सध्या बंदी आहे, १ जून ते ३१ जुलै. बोट वर ओढून शाकारली आहे. परवा जॅकेटं गोड्या पाण्यानं धुऊन दादानं दोरीवर वाळत घातली आणि मला फोटो पाठवला. मिठानं आणि उन्हानं नावं पुसट झाली आहेत. लहान्याचं तर फक्त तो ईकार तेवढा ठळक राहिला आहे. दादा म्हणाला, मीच लिहून टाकतो, पण पोरं तयार नाहीत. साबच लिहितील म्हणतात.

पोरं गावाहून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतील. गाडी मी काढते, मार्कर तेवढा तुमचा आणा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची मुलगी