बाई, तुमच्यामुळे माझा अर्ज जाऊ शकला

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

एम.ए. इतिहासाच्या प्रवेशयादीत माझं नाव लागलं. फोनवर सांगितलं तेव्हा "छान, आता वाचायला लाग" एवढंच म्हणून तुम्ही फोन ठेवलात. तुम्ही आभार मानू देत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

बी.ए. झाल्यावर बँकेत लागले आणि इतिहास रविवारच्या वाचनापुरता उरला. चाळिशी उलटली, लेकीची दहावी आटोपली आणि पुन्हा शिकायचं मनाने घेतलं, तोवर अर्जाची मुदत संपत आली होती. शिफारसपत्र मागायचं कुणाकडे? माझे प्राध्यापक केव्हाच निवृत्त झाले. तुमच्याकडे मी फक्त मोडी लिपी शिकायला येत होते, तरी तुम्ही "देते की" म्हणालात. अट एकच: आधी अर्जासोबतचं निवेदन दाखव.

नौपाड्यातल्या तुमच्या जेवणाच्या टेबलावर त्या निवेदनाचा पहिला परिच्छेद, लहानपणापासूनच्या आवडीचा, तुम्ही पेन्सिलीने आडवा खोडलात. "आवड कळली. प्रश्न काय आहे तुझा?" असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी अडखळत बोलू लागले. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं घेतलं, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ते मराठ्यांकडून घेतलं. किल्ल्याच्या लढाया सगळ्यांना ठाऊक आहेत. तिथे आता मध्यवर्ती कारागृह आहे, मी रोज त्या भिंतीवरून जाते. पण मधल्या ३७ वर्षांत साष्टीतली, म्हणजे ठाणं ज्या बेटावर आहे तिथली, भातशेती आणि मिठागरं कुणाच्या हाती होती? एका हयातीत तीन राज्यं पाहिलेल्या, जमीन कसणाऱ्या कुळाचं काय बदललं, काय तसंच राहिलं?

"हेच लिही," तुम्ही म्हणालात.

मग कागद कुठे मिळतील ते सांगत बसलात. मराठी दप्तर पुण्याला, ईस्ट इंडिया कंपनीचं मुंबईला, पोर्तुगीजांचं गोव्याला. मला पोर्तुगीज येत नाही म्हटल्यावर म्हणालात, "तसं स्पष्ट लिहून टाक. पण मोडी येतं, हेही लिही."

ते मोडीही तुमचंच. सरावाच्या पत्रावर 'सबा सलासीन मया व अलफ' बघून मी थांबले, तेव्हा तुम्ही बोटावर मोजून दाखवलंत: सात, तीस, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन ११३७, जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना. इसवी सनासाठी त्यात ५९९ मिळवायचे. पण हे साल मृगाला बदलतं, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या पत्राला ६००. पत्र मार्चातलं होतं. १७३७! ठाणं घेतलं तेच साल. नोकरीत इतकी वर्षं आकडेच बघितले, पण एखाद्या बेरजेने अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

शिफारसपत्रात तुम्ही काय लिहिलंत ते मला माहीत नाही, पाकीट बंद होतं. निवेदनावरच्या तुमच्या पेन्सिलीच्या खुणा मात्र मी जपून ठेवल्या आहेत. माझ्यासारखंच उशिरा ठरवणाऱ्या मैत्रिणी विचारतात, तेव्हा तेच पान त्यांच्यापुढे ठेवते.

बाई, मनापासून आभार. पहिल्या सत्राच्या पुस्तकांची यादी आली आहे, भली लांब आहे. ती घेऊन शनिवारी येते. सुरुवात कुठून करायची ते तुम्हीच सांगा.

तुमची विद्यार्थिनी,
ठाणे