चौथा उद्गार

अहिल्यानगर,
२ मार्च २०२५

चि. बाळ यास,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू म्हणालास, "पप्पा, मोल्टमान डोक्यावरून जातोय, प्रबंधाचा विषय बदलू का?" मी नुसतं "बघू" म्हटलं. फोनवर मला काही सुचत नाही, हे तुझ्या आईला लग्नापासून माहीत आहे. म्हणून हे पत्र.

तू दिवाळीच्या सुट्टीत इथे विसरून गेलेलं त्या जर्मन धर्मशास्त्रज्ञाचं 'द क्रूसिफाइड गॉड' मी वाचलं. डिक्शनरी शेजारी घेऊन, रोज चार-पाच पानं. तत्त्वज्ञ हेगेल आला की पानं उलटली, ते कबूल करतो. तरी मला वाटतं, तू चुकीच्या दाराने आत शिरतोयस. तू त्र्यैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या सिद्धांतापासून सुरुवात केलीस. तो माणूस तिथून निघालाच नव्हता.

जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर बाँब पडत होते तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, शाळेतून उचलून विमानविरोधी तोफेवर नेमलेला. शेजारी उभा असलेला मित्र जागच्या जागी गेला, हा वाचला. घरात देवधर्माचं फारसं वातावरण नव्हतं, पोराला गणित आणि पदार्थविज्ञान शिकायचं होतं (मला तो इथेच आवडला!). त्या रात्री त्याने पहिल्यांदा देवाला हाक मारली. देव आहे की नाही, असं नाही विचारलं. "तू कुठे आहेस?" असं विचारलं. १९४५ मध्ये तो इंग्रजांच्या हाती लागला. बेल्जियम, स्कॉटलंड, मग नॉटिंगहॅमशरमधला नॉर्टन कॅम्प, अशी तीन वर्षं कैदेत गेली. छावणीत भिंतीवर बेल्सन आणि आउश्वित्झचे फोटो लावले होते. आपल्या देशाने काय केलं, ते त्या पोरांना तिथे कळलं. हातात कुणीतरी बायबल दिलं. आधी एकोणचाळिसावं स्तोत्र मनाला भिडलं, नंतर मार्कच्या शुभवर्तमानातली येशूची क्रूसावरची आरोळी: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" आपलं दुखणं समजणारा कुणीतरी इथे आहे, असं त्याला वाटलं. पुढची टुबिंगेनची प्रोफेसरकी, १९६४ चं आशेवरचं पुस्तक, १९७२ चं हे, सगळं त्यानंतरचं. गेल्या जूनमध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारला, तोवर तो त्याच ओळीशी झगडत होता, असं मी समजतो.

आता माझी गोष्ट. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आपल्याकडे येशूचे क्रूसावरचे सात उद्गार बोलायला सात जणांत वाटतात, तुला माहीतच आहे. "हे बापा, त्यांना क्षमा कर" सगळ्यांना हवा असतो. चौथा, म्हणजे तीच आरोळी, कुणालाच नको, म्हणून तो "मास्तरांना द्या". वीसेक वर्षं मी दर वेळी तेच बोललो: ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, स्तोत्राचा शेवट स्तुतीने होतो, तेव्हा घाबरू नका. गणिताचा मास्तर मी, उत्तर शेवटच्या पानावर आहे म्हणून पोरांना धीर देण्याची सवय.

मोल्टमान हे चालू देत नाही. त्या दुपारी क्रूसावर पुत्राला, येशूला, खरोखर टाकलं गेलं, असं तो म्हणतो. पुत्र मरण सोसतो आणि बाप पुत्राचं मरण सोसतो. तो बापाविना, हा मुलाविना. देवाला दुःख शिवत नाही, हे आपण ग्रीकांकडून उसनं घेतलं, असं त्याचं म्हणणं.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. आपल्या मंडळीतल्या एकाचा मुलगा विहिरीत बुडाला होता, तू तेव्हा लहान होतास. मी त्याच्या घरी गेलो आणि "देवाची इच्छा" म्हणालो. त्याने मला चहा दिला. नंतर तो कधी उपासनेला आला नाही.

पण तू मोल्टमानची आरती करू नकोस. डोरोथे झ्यॉले, तीही जर्मन धर्मशास्त्रज्ञ, त्याच्यावर तुटून पडली होती: बापच पुत्राला मरणाच्या हाती देतो, तर हा देव छळणाराच नाही का? कार्ल रानर, तो कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ, त्याचा प्रश्न वेगळा: देवही माझ्याच चिखलात रुतला, तर मला बाहेर कोण काढणार? रानरचं मला अर्धंच पटतं. त्या विहिरीच्या काठावर त्या दिवशी कुणाला बाहेर काढून घ्यायचं नव्हतं, शेजारी कुणी बसलेलं हवं होतं. झ्यॉलेला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मोल्टमान म्हणतो, पुत्राने स्वतःहून दिलं, दोघांची इच्छा एकच होती. मला ते वकिली वाटतं. तुझा प्रबंध तिथेच सुरू कर. विषय बदलू नकोस, सुरुवात बदल. गाईडना विचारून बघ.

आईने चिवडा आणि लसणाची चटणी पार्सल केली आहे. रूममेटला दे, एकटा खाऊ नकोस.

काल पाळकसाहेबांकडून उद्गारांची यादी आली. चौथ्यापुढे पुन्हा माझंच नाव आहे. उत्तम शुक्रवार १८ एप्रिलला. झ्यॉलेवरची तुझी पानं कच्ची असली तरी त्याआधी पाठव. या वेळी बाविसाव्या स्तोत्राचा शेवट मी वाचणार नाही, एवढंच ठरवलं आहे. मग पंधरा मिनिटं बोलायचं काय, ते अजून ठरलेलं नाही.

तुझा,
पप्पा