प्लग कोणी काढला?

संपादक महोदय,

परदेशी बातम्यांच्या मराठी भाषांतरात ‘कंपनीने प्रकल्पाचा प्लग खेचला’ अशी वाक्ये वाचायला मिळतात. ‘पुल द प्लग ऑन’ हा बोलीतला इंग्रजी वाक्प्रचार आहे. चालू किंवा ठरलेले काम, ज्याच्या हाती पैसा वा अधिकार आहे त्याने एकदम बंद करणे, एवढाच त्याचा अर्थ.

चित्र विजेच्या प्लगचे असले तरी प्लग म्हणजे बूचही. १८४२ साली इंग्लंडमधल्या संपकऱ्यांनी बॉयलरची बुचे काढून गिरण्या बंद पाडल्या, म्हणून त्या उठावाच्या नावातच ‘प्लग’ आहे. (वाक्प्रचार तिथूनच आला असे मात्र ठोकून देऊ नये.)

‘प्लग खेचला’ टाळायचे म्हणून ‘प्रकल्प बारगळला’ लिहिले, तर दुसरीच चूक होते. बारगळणे आपसूक घडते. निर्णय घेणाराच वाक्यातून नाहीसा होतो. मूळ इंग्रजीत तर सगळा भर त्या हातावर आहे. ‘खीळ बसली’ म्हटले की काम नुसते अडले, उद्या सुटेलही. ‘बासनात गुंडाळला’ हे ‘शेल्व्ह’साठी (तूर्त बाजूला ठेवणे) राखून ठेवावे, कारण बासन पुन्हा सोडता येते. आणि ‘गाशा गुंडाळला’ म्हणजे कंपनीच चंबूगबाळे आवरून निघाली! ‘कंपनीने प्रकल्प बंद केला’ किंवा नुसते ‘गुंडाळला’ पुरते. पैसा थांबवल्यामुळे काम बंद पडले असेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

शेजारच्या ‘कॉल ऑफ’ला तर एकच एक प्रतिशब्द चालतच नाही: सामना रद्द होतो, संप मागे घेतला जातो, शोधमोहीम थांबवली जाते, लग्न मोडते. ‘संप रद्द’ हा मथळा म्हणूनच कानाला खटकतो. ‘पुल आउट’ आणखी वेगळे. त्यात एकाने अंग काढून घेतलेले असते, योजना बाकीच्यांच्या बळावर पुढे चालू शकते.

‘पुल द प्लग ऑन’मधल्या ‘ऑन’नंतर काय येते तेही पाहावे. तिथे योजनेऐवजी माणूस आला आणि प्रसंग रुग्णालयातला असला, तर रुग्णाची जीवरक्षक यंत्रणा काढली, असा अर्थ होतो. अशा बातमीत ‘प्लग’ हा शब्द मराठीत अजिबात आणू नये. ‘कृत्रिम श्वासोच्छ्वास थांबवला’ किंवा जे यंत्र काढले त्याचे नाव लिहावे.

– एक भाषांतरकार