दिवे उशिरा लावल्याबद्दल

आदरणीय दादा,

तुमचे नाव पत्रात घालू नये अशी तुमची अट आहे, म्हणून नुसते दादाच लिहिते. परवा रात्री घाटमाथ्यावरच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या सातवीच्या मुलांनी नागराज मंजुळे यांचा ‘पावसाचा निबंध’ हा लघुपट पाहिला, तो केवळ तुमच्यामुळे.

पावसाच्या सौंदर्यावर निबंध लिहून आणायला सांगितलेला राजा, दारू पिऊन वाटेत पडलेला त्याचा बाप, त्याला भर पावसात घरी आणणारी आई आणि लेकरे, हे सारे आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या ओळखीचे आहे. मीही वर्षानुवर्षे जूनमध्ये फळ्यावर ‘पावसाळा’ हाच विषय लिहीत आले आणि कोणाची वही कशाने भिजली हे कधी विचारले नाही, याची मला बोच आहे. म्हणूनच हा लघुपट मुलांसोबत बसून पाहायचा होता.

ज्यांनी प्रोजेक्टर देण्याचा शब्द दिला होता, त्यांनी दोन महिने नुसत्या तारखा दिल्या आणि शेवटी, ‘असले रडके मुलांना कशाला दाखवता, काहीतरी हसतेखेळते दाखवा,’ असा सल्ला देऊन हात झटकले. त्या सल्ल्याचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही मात्र एका बारशाची ऑर्डर आटोपून, जेवायलाही न थांबता, प्रोजेक्टर आणि जनरेटर असलेली तीच गाडी घेऊन शाळेत आलात. लाइट गेलेलीच होती. या लघुपटाला 65 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शनाबरोबर ध्वनीसाठीही पुरस्कार मिळाला आहे, असे मी सांगताच तुम्ही जनरेटर उचलून पाण्याच्या टाकीमागे नेलात आणि तिथपर्यंत केबल ओढलीत. पाऊसच नीट ऐकू आला नाही तर पोरांनी पाहायचे काय, असे म्हणालात.

पण हे पत्र त्यासाठीही नाही. लघुपट संपला, तेव्हा पहिल्या रांगेतला एक मुलगा गुडघ्यांत डोके घालून बसला होता. त्याच्या घरची परिस्थिती गावाला ठाऊक आहे. मागून मोठी माणसे ‘दिवे लावा, दिवे लावा’ म्हणून ओरडत होती आणि तुमचा हात बटणावर होता. तुम्ही एकदा त्या मुलाकडे पाहिलेत, हात मागे घेतलात आणि ‘वायर सैल झालीय, जरा थांबा’ म्हणत खाली वाकलात. वायर सैल झालेली नव्हती, मी तुमच्या शेजारीच उभी होते. अंधारात त्याने बाहीने तोंड पुसले, नाक ओढले, शेजारच्याशी काहीतरी बोलला आणि मगच तुम्ही बल्ब लावलेत. त्याचे रडणे कोणालाही दिसले नाही.

आम्ही शिक्षक मुलांच्या भावविश्वाविषयी प्रशिक्षणे घेतो, वह्या भरतो, पण दुसऱ्याची लाज झाकण्याचे हे भान असणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत, आणि ती भेटतात तेव्हा आपण जिथे राहतो तो मुलूख चांगला आहे असे मनापासून वाटते. तुम्ही भाडे घेतले नाहीत, चहाही अर्धाच प्यायलात, त्यामुळे हे निदान लिहून तरी कळवावे असे वाटले.

काळी चिकटपट्टी गुंडाळलेली तुमची एक केबल टाकीमागे राहिली होती. ती पुसून शाळेच्या कपाटात ठेवली आहे, मंगळवारच्या बाजाराला येताना घेऊन येते.

आपली ऋणी,
एक शिक्षिका