देव बघून घेईल, असं म्हणणार नाही

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले. "आई, हातात दोन महिन्यांपुरतं आहे. पण प्लीज, देव बघून घेईल असं म्हणू नकोस." बरं, नाही म्हणत. मलाही एकदा हे वाक्य ऐकवलं गेलं होतं. ऐकवणारीचा नवरा महिन्याच्या महिन्याला पगार आणत होता आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

तू तेव्हा तिसरीत होतीस. बाबांची नोकरी गेली त्या वर्षातलं तुला एवढंच आठवतं, की आपण लहान घरात राहायला गेलो आणि तुला खेळायला गच्ची मिळाली. मला आठवते ती हिशेबाची वही. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. बाबांचं अक्षर सुबक, त्यामुळे कर्जसुद्धा सुबक दिसायचं. सलग तीन पानं जमेची बाजू कोरी आहे. तिसऱ्या पानावर 'जमा'च्या खाली मी पेन्सिलीने 'दे' एवढंच लिहिलं होतं, मग लाज वाटून खोडलं. खोडरबराने तिथला कागद खरवडला गेलाय. अजून बोट फिरवलं की लागतं.

तुझे बाबा मला चिडवायचे, 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी'. म्हण आळशाला टोमणा म्हणून आहे, पण मी तिच्यावर पुष्कळ विचार केलाय. खाटल्यावर बसून राहिलं तर देव देत नाही, असं ती सांगते. पण रात्रंदिवस राबूनही पुरत नाही, तेव्हा काय? त्यावर म्हण गप्प बसते.

त्या दिवसांत मी बायबलमधल्या '2 राजे' या पुस्तकाचा चौथा अध्याय वाचून वाचून पाठ केला होता. एक विधवा आहे. नवरा देवभक्त होता, तरी डोक्यावर कर्ज ठेवून गेला. (हे मला फार धीर देणारं वाटलं. देवभक्त माणसंही कर्जात मरतात, आणि बायबल ते झाकत नाही.) सावकार तिची दोन मुलं गुलाम करायला न्यायला आलाय. ती अलीशा या संदेष्ट्याकडे जाते. तो आधी विचारतो, तुझ्या घरात काय आहे? ती म्हणते, काही नाही, एक तेलाची कुपी तेवढी आहे. मग तो तिला सांगतो की शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, आणि थोडीथोडकी आणू नकोस.

आपण तेलाच्या चमत्कारावर थांबतो. मी अडले ती त्याच्या आधीच्या ओळीवर. त्या बाईला दारोदार जाऊन भांडी मागावी लागली. सगळ्यांना ठाऊक होतं की हिच्या घरात ओतायला काही नाही. कोणी विचारलंच असेल, "कशाला हवीत गं?" काय सांगितलं असेल तिने? पुढे दार लावून ती ओतत राहते, मुलं भांडी पुढे करत राहतात, आणि मुलगा म्हणतो आता भांडं उरलं नाही, तेव्हा तेल थांबतं. तेल आधी संपलं नाही, भांडी संपली.

आमच्या शेजारच्या काकूंकडे शिलाई मशीन होतं. त्यावर चादर, चादरीवर फुलदाणी. मला शिवण येत होतं, मशीन नव्हतं. पंधरा दिवस मी त्या फुलदाणीकडे बघत होते आणि देवाला म्हणत होते, काहीतरी मार्ग दाखव. मार्ग भिंतीपलीकडे होता, पण विचारायला जीभ वळत नव्हती. शेवटी विचारलं. काकू म्हणाल्या, "अगं, घेऊन जा की, माझी जागा तरी मोकळी होईल!" पट्टा तुटलेला, चाक गंजून बसलेलं. बाबांनी ते दुपारभर खोलून, तेल घालून फिरतं केलं. कामावरून कमी केल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा ते शीळ वाजवत होते. चौथ्या पानावर जमेच्या बाजूला पहिला आकडा आहे तो एका झालरीच्या फ्रॉकच्या शिलाईचा.

त्याने कर्ज फिटलं असं समजू नकोस. महिना कसाबसा ढकलला जायचा, एवढंच. बायबलमधल्या 'निर्गम' पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएली लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळतो तोही असाच, त्या दिवसापुरता. उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा विश्रांतीचा. आणि गोळा करायला रोज सकाळी स्वतःलाच वाकावं लागायचं. मला मात्र वर्षाचा साठा हवा होता, तोही आजच.

जॉर्ज म्युलरबद्दल तू ऐकलं असशील. 1836 मध्ये त्याने ब्रिस्टलमध्ये अनाथ मुलांसाठी घर उघडलं, आणि 1898 मध्ये तो गेला तोवर दहा हजारांहून जास्त मुलं त्याच्या अनाथालयांत सांभाळली गेली होती. कर्ज काढायचं नाही, माणसांपुढे हात पसरायचा नाही, गरज फक्त देवाला सांगायची, हा त्याचा नेम. मला ते जमलं नसतं, आणि तुला जमलंच पाहिजे असंही नाही. त्या विधवेला तर संदेष्ट्याने उलट शेजाऱ्यांकडेच धाडलं. म्युलरची मला आवडते ती दुसरी गोष्ट: आलेल्या पैशाचा हिशेब तो काटेकोर ठेवायचा आणि छापून लोकांपुढे मांडायचा. देवावर भार टाकलाय म्हणून वही बंद केली नाही त्याने.

आता तू विचारशील ते मीच विचारते. ज्यांना मिळालं नाही त्यांचं काय? पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गमावली. ती काय कमी भक्ती करणारी माणसं होती? याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे तयार उत्तर असतं त्यांच्यापासून मी लांब राहते. एवढं मात्र दिसतं, की 1896-97 च्या दुष्काळात याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. भूक त्यांना ऐकून माहीत नव्हती. त्या मुलींसाठी देव रमाबाईंच्या पायांनी चालत आला, असं मी मानते. रमाबाईंच्या आईसाठी कोणी का आलं नाही, हे मी देवाला अजून विचारते. तूही विचार. त्याला राग येत नाही.

आमचंही सगळं मिळालं नाही. बाबांना ती नोकरी परत मिळावी म्हणून मी वर्षभर गुडघे टेकले, ती मिळाली नाही. मोठं घर गेलं ते गेलंच.

तेव्हा आता कामाचं. हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा, मुदत वाढवून मिळते का ते स्वतः विचार. चुकल्यावर गेलं की तेच माणूस वेगळं बोलतं. घरात काय आहे ते लिही: येणारी कामं, पडून असलेल्या वस्तू, ओळखी, सगळं. "काही नाही, फक्त एवढंच" असं ज्याच्यापुढे लिहावंसं वाटेल, ते आधी लिही. मग ज्यांच्याकडे मागायला जीभ अडखळते अशा पाच जणांची नावं काढ. मला फोन करायच्या आधी त्यातल्या एकाला तरी कर. जावईबापूंना सांग, सासरे विचारत होते की बिघडलेलं काही दुरुस्त करायचं असेल तर येऊ का. त्यांना घरात बसवत नाहीये.

मी रोज पहाटे तुमच्या दोघांची नावं घेते. त्यापुढे फार काही बोलत नाही, ते जुनंच एक अक्षर.

वही कुरियरने पाठवतेय. मागची बरीच पानं कोरी आहेत, तू वापर.

तुझी,
आई