काकाजी, चक्की थांबवल्याबद्दल

काकाजी, नमस्कार.

तुमच्याकडे साधा फोन, म्हणून हे नातवाकडून वाचून घ्या. चार लोकांनाही कळावं, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितो आहे.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. रात्रभर नाटक, पहाटे सामान गाडीत, पुन्हा दुसरं गाव. ऐन हंगामात माझा ट्यूबचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, गिटार अ‍ॅम्प बिघडला. सुरू केला की गोड वाजायचा, पण पहिला अंक सरेस्तोवर हळू वाजवलेला सूरही फाटायचा. जोरात वाजवल्यावर ट्यूबचा आवाज फाटतो ते आम्हाला हवंच असतं. हे फाटणं वेगळंच होतं.

नागपुरात एकानं तो उघडलाही नाही. म्हणे, ‘ट्यूबचा आवाज असाच असतो, लोक याचेच पैसे मोजतात.’ दुसऱ्यानं महागड्या ट्यूबची नवी जोडी गळ्यात मारली. तिचाही आवाज फाटायला लागल्यावर दोष आमच्या खेड्यातल्या लाईटवर! लाईट आमच्याकडं पडते, खरं आहे. पण जनरेटरवरही हेच होतं, एवढं ऐकून घ्यायची त्याला सवड नव्हती.

मग अ‍ॅम्प तुमच्याकडे दुरुस्तीला आणला. तुम्ही त्याच्या मागच्या जाळीतून डोकावलात आणि आतली ईएल८४ ट्यूब पाहून हसलात. ‘हे तर आपले रेडिओतले वाल!’ फिलिप्सनं १९५३ साली आणलेली ही ट्यूब तुमच्या ओळखीची निघाली, तिथंच मला निम्मा धीर आला.

मग पेचकस बाजूला ठेवून तुम्ही शेजारच्या चक्कीवर गेलात. दळण घेऊन बाया बसल्या होत्या. ‘थोडा वेळ बंद ठेव गा, या पोराची पेटी ऐकू दे.’ चक्की थांबली. कुणी कुरकूर केली नाही, उलट एक आजी पिठाच्या हातानं दारात येऊन उभ्या राहिल्या. मला म्हणालात, ‘वाजव. गरम होऊ दे त्याले.’ मी वाजवत राहिलो, तुम्ही मान खाली घालून ऐकत राहिलात. बऱ्याच वेळानं बोट वर केलंत. ‘हं. आता फाटला.’

काकाजी, तोवर माझ्याशिवाय कुणी तो फाटताना ऐकलाच नव्हता. सगळ्यांनी थंड अ‍ॅम्पवर दोन तारा छेडून निकाल दिला होता. त्या तीन शब्दांनी माझा कान खोटा नाही हे कळलं, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

पुढचं काम तुम्ही लवकर उरकलंत. बंद केल्यावरही आत तीनेकशे व्होल्ट साठून राहतात, म्हणून मला लांब बसवलंत. ट्यूब काढून घेतली तरी तिच्या ग्रिडच्या, म्हणजे सूर ट्यूबमध्ये शिरतो त्या टोकाच्या, जागी मीटर व्होल्टेज दाखवतच होता, म्हणजे ट्यूब निर्दोष. मागचा कपलिंग कपॅसिटर, म्हणजे सूर पुढे सोडून व्होल्टेज अडवणारा भाग, गळत होता, तापला की जास्तच. ग्रिडवर शून्याजवळ राहायला हवं ते व्होल्टेज त्यानं वर चढवलं होतं, आणि बिचारी नवी जोडी त्यातच भाजत होती.

पैसे घेतलेत ते फक्त कपॅसिटरचे. मोठ्या दुकानांत एसी असतो, काचेची दारं असतात, गिऱ्हाईकाचं ऐकायला माणूस नसतो. आपल्या गावांत अजून असे लोक बसलेत, पाटीसुद्धा न लावता.

दिवाळीनंतर तुमच्या बाजूला आमचा प्रयोग लागला की गाडी पाठवतो. चक्कीवाल्या भाऊंना आणि त्या आजींनाही घेऊन या. तिकीट काढायचं नाही जी.

तुमचा,
गिटारवाला पोरगा