पंपघरामागच्या कोपऱ्यात दुचाकींसाठी टिनाचं शेड: अध्यक्षांना पत्र

दिनांक: 10 ऑगस्ट
ता. आर्वी, जि. वर्धा

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय: दुचाकींसाठी नट-बोल्टचं शेड आणि दुरुस्तीचा कोपरा उभारण्याचा प्रस्ताव वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याबाबत.

महोदय,

गेल्या मंगळवारच्या झडीत बगिच्याच्या कडेला उभ्या असलेल्या तीन गाड्या एकीवर एक पडल्या, हे तुम्ही पाहिलंच आहे. पहिल्या गाडीचा साइड स्टँड काळ्या मातीत रुतला आणि तिच्यासोबत बाकीच्या दोन गेल्या. सगळ्यांत खाली आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंची स्कूटी होती. आरसा फुटला, ब्रेकचं लिव्हर तुटलं. त्या सकाळी त्यांना दोन गावांत लसीकरणाला जायचं होतं. मी त्यांना माझ्या गाडीवर सोडून आलो आणि परतताना ठरवलं, की आता तोंडी बोलणं पुरे, लिहूनच द्यायचं.

आपल्या 22 घरांत 31 दुचाकी आहेत. त्यातल्या 11 घरांना पोर्च नाही. ही 11 घरं म्हणजे कोण, तर पुलगावला रोज जाणारे दोघे, तळेगावच्या शाळेतले मास्तर, दूध घालणारा पोरगा, वावरात फवारणीचा पंप पाठीला बांधून जाणारे भाऊ, आशाताई. कोणाचीच गाडी हौसेची नाही. गाडी सकाळी सुरू झाली नाही तर त्या दिवशीची मजुरी, हजेरी, दूध, सगळं अडतं. आणि ह्याच गाड्या आपण बारा महिने उघड्यावर ठेवतो.

उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. 2013 च्या मे महिन्यात नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. आपल्याकडे नवतपा सुरू झाला की दुपारी सीटला हात लावता येत नाही. अशा उन्हात बॅटरी लवकर जाते, टायरच्या कडांना बारीक भेगा पडतात, सीटचं रेक्झिन तडकतं, टाकीतलं पेट्रोल हळूहळू उडतं. मी आगारात 31 वर्षं मेकॅनिक होतो. गाडी धावून जितकी झिजते, त्याहून वेगळी झीज उन्हातान्हात नुसती उभी राहून होते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. सावली दिली तर यातला बराच खर्च वाचतो.

मागच्या वर्षी समितीने पक्क्या स्लॅबच्या गॅरेजचा अंदाज काढला होता. तो सव्वाचार लाखांवर गेला, म्हणून विषय बाजूला पडला. समितीचं त्यात काही चुकलं नाही, एवढा पैसा आपल्याकडे नाही. पण स्लॅबची गरजच नाही. शेडला दोन गोष्टी मजबूत लागतात: जमिनीतला पाया आणि पत्र्याची पकड. ह्या दोन ठिकाणी एक रुपयाही कमी करायचा नाही. बाकी सगळीकडे हात आखडता घेता येतो.

आधी पायाचं सांगतो, कारण आपल्या भागात शेड फसतं ते तिथेच. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. एक-दीड फुटांत खांब रोवला तर दोन उन्हाळ्यांत तो कलतो. कंपाउंडचे मागचे खांब बघा, एकही ओळंब्यात नाही. आपल्या संडासाच्या टाक्या खोदल्या तेव्हा साधारण तीन फुटांवर मुरूम लागला होता, ते मी स्वतः उभं राहून पाहिलं आहे. म्हणून प्रत्येक खड्डा दीड बाय दीड फूट आणि मुरमात टेकेपर्यंत, म्हणजे तीन फूट खोल घ्यायचा. त्यात एक-दोन-चारचं काँक्रीट (एक भाग सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी), वर खांबाच्या बुडाची लोखंडी बेसप्लेट आणि चार बोल्ट. असे 12 खड्डे. एका खड्ड्यातलं काँक्रीट अंदाजे साडेचारशे किलो भरतं आणि त्या वजनाचीच आपल्याला गरज आहे. अवकाळी वादळात टिनपत्रे वरून दबत नाहीत. वारा आत शिरतो आणि छप्पर खालून उचलतो. दरवर्षी मे-जूनमध्ये कोणाच्या ना कोणाच्या गोठ्याचे पत्रे शेजारच्या वावरात सापडतात, ते ह्याच कारणाने.

शेडची लांबी 40 फूट, रुंदी 9 फूट. दर 8 फुटांवर खांब, समोर सहा आणि मागे सहा. एका गाडीला तीन फूट धरले तर 11 गाड्यांना 33 फूट लागतात आणि एका टोकाला कामासाठी 7 फूट उरतात. समोरची उंची साडेआठ फूट, मागची सात. एवढा उतार आपल्या पावसाला पुरतो. पत्रा 12 फुटांचा एकसंध घ्यावा. म्हणजे समोर दीड आणि मागे एक फूट छप्पर बाहेर येतं आणि मध्ये जोड राहत नाही. जोड नाही तर गळती नाही. पत्रे 14 लागतील. रंगीत घ्यायचे तर पांढरट रंगाचे, ते कमी तापतात. सिमेंटचे पत्रे स्वस्त पडत असले तरी मी घेऊ देणार नाही. सिमेंटपत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे, आणि आपल्याकडची गारपीट त्यांना सहज फोडते.

पत्र्याचे स्क्रू रबरी वॉशरचे, नेहमी उंचवट्यावर मारायचे, खोलगटात मारले की पाणी उतरतं. कडेच्या दोन्ही ओळींत आणि कोपऱ्यांत स्क्रू जास्त लावायचे, कारण वारा आधी कडा धरतो. हे काम चालू असताना मी शिडीजवळून हलणार नाही.

पाठ पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला ठेवायचं. दुपारनंतरचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही पश्चिमेकडून येतात. मागच्या बाजूला नवे पत्रे नकोत, आपल्या बांधकामाच्या वेळच्या चौकीदाराच्या खोलीचे पत्रे पंपघरात पडून आहेत. ते लावताना खाली एक फूट आणि वर अर्धा फूट जागा मोकळी सोडायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते, म्हणून खालची फट. गरम हवा वर चढते, म्हणून वरची. काही जणांनी पऱ्हाटी-तुराटीचा, म्हणजे कापूस-तुरीच्या वाळक्या काड्यांचा मांडव सुचवला होता. तो थंड असतो हे खरं, माझ्या वडिलांचा गोठा तसाच होता. पण पेट्रोलच्या गाड्यांवर तो घालू नये. एक ठिणगी पुरते.

खाली स्लॅब टाकायचा मोह होईल, तोही टाळावा. काळ्या मातीवरचा एकसंध कोबा पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो. वरची फूटभर माती काढायची, मुरूम भरून पाणी मारून धुम्मस करायचं, त्यावर चुरी आणि पेव्हर ब्लॉक. पुढे कुठे खचलं तर चार ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतात. जमीन आजूबाजूपेक्षा सहा इंच वर ठेवली की पाणी शिरत नाही आणि स्टँडही रुतत नाही. आज आपण प्रत्येक स्टँडखाली फरशीचा तुकडा शोधत फिरतो, ते थांबेल.

आर्वीत तीन ठिकाणी भाव विचारून मी हा अंदाज काढला आहे. खांब, कैची आणि आडव्या पाइपांना मिळून 20 फुटांचे 21 पाइप, 31,500 रुपये. वेल्डिंग आणि उभारणी 12,000. पत्रे व स्क्रू 29,500. खोदाई, 15 बॅग सिमेंट, रेती, गिट्टी आणि मजुरी 17,500. जमिनीचं काम 21,500. रेड ऑक्साइड व रंग 3,500. दिवे, वायर आणि अर्थिंग 4,500. एकूण 1,20,000. कामाचा टेबल माझ्याकडच्या जुन्या सागवानी दारापासून मी स्वतः बनवीन, त्याचे पैसे नकोत.

पैशाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्यांच्याकडे पोर्च आहे त्यांच्यावर सारखा बोजा टाकणं बरोबर नाही. शेड वापरणाऱ्या 11 घरांनी प्रत्येकी 7,000 द्यावेत, त्याचे 77,000 होतात. राहिलेले 43,000 सर्व 22 घरांवर वाटले तर घरटी दोन हजारांच्या आत येतात, आणि त्या बदल्यात दुरुस्तीचा कोपरा सगळ्यांना खुला राहील. दुधवाल्या पोराला एकदम 7,000 जमणार नाहीत, त्याला सहा हप्ते द्यावेत. सिंकिंग फंडाला मात्र हात लावू नये. तो इमारतींच्या मोठ्या कामासाठी आहे, शेडसाठी नाही. दरमहा 50 रुपये पार्किंगचे घेतले तर रंगरंगोटी आणि दिव्याचा खर्च निघत राहील.

दोन-तीन हरकती माझ्या कानावर आल्या आहेत. बगिचा जाईल, ही पहिली. तुमच्यासोबत मीही त्या कडुनिंबाला पाणी घातलं आहे, त्याची एक फांदीसुद्धा तोडायची नाही. पंपघरामागचा तो कोपरा आज गाजरगवताने भरलेला असतो, मुलं तिथे खेळत नाहीत. लेआउटच्या नकाशात खुली जागा म्हणून जो तुकडा राखलेला आहे तो आपण सोडून देतो आहोत. तरीही ग्रामपंचायतीला नकाशा दाखवून लेखी उत्तर घ्यावं आणि ते हाती येईपर्यंत एकही खड्डा खोदू नये. शेड बोल्टवर उभं असल्याने उद्या हलवायची वेळ आली तर दोन दिवसांत खोलता येईल.

दुसरी हरकत आवाजाची आणि बाहेरच्या लोकांची. तिथे धंदा चालणार नाही, बाहेरची गाडी येणार नाही, रात्री आठनंतर पाना हातात घ्यायचा नाही, हे ठरावातच लिहा. पेट्रोलचा कॅन ठेवायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही, रेतीच्या दोन बादल्या कायम भरलेल्या हव्यात, हेही लिहा. जळकं ऑइल झाडाच्या बुडात ओतण्याची सवय आपल्याकडे आहे. ती पूर्ण बंद करावी लागेल, बोअरवेल तिथून जवळच आहे. दोन घरांत बॅटरीवरच्या स्कूटी आल्या आहेत. त्यांच्या चार्जिंगचा बोर्ड कामाच्या कोपऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या एमसीबीवर (जास्त भार आला की आपोआप पडणारं बटण) घ्यावा.

त्या कोपऱ्याबद्दल मला मनापासून एक गोष्ट सांगायची आहे. मास्तरांची अकरावीतली मुलगी गेल्या महिन्यात माझ्याकडे आली आणि म्हणाली, काका, क्लच वायर कशी बदलतात ते दाखवा ना. अंगणात पोतं अंथरून दाखवलं. दुसऱ्या वेळी तिने एकटीने बदलली. आपल्याकडून तालुक्याच्या कॉलेजला जाणाऱ्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर दोन-दोन किलोमीटर माणूस दिसत नाही. चेन चढवणं, प्लग साफ करणं, पंक्चर ओळखणं एवढं प्रत्येक मुला-मुलीला आलं पाहिजे. टेबल, दिवा आणि पावसात कोरडी राहणारी 7 फूट जागा मिळाली तर दर रविवारी सकाळी मी शिकवीन. माझी हत्यारं आहेतच, ती मी तिथेच ठेवीन.

वेळेचं गणित असं आहे. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होईल आणि नोटीस 14 दिवस आधी काढावी लागेल, म्हणून हा विषय आत्ताच घ्यावा. मंजुरी मिळाली तरी खोदाई लगेच नको. दिवाळीपर्यंत माती ओली असते आणि नंतर कापसाच्या वेचणीत मजूर मिळत नाहीत. जानेवारीत खड्डे, फेब्रुवारीत खांब आणि पत्रे, म्हणजे मार्चच्या उन्हाआधी गाड्या सावलीत जातील.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता तुम्ही आणि सचिवांनी पंपघराजवळ यावं, ही विनंती. मी दोरी, टेप आणि फक्की घेऊन थांबतो. 40 बाय 9 ची आखणी जमिनीवर करून दाखवतो आणि एक खड्डा कुठे येईल तेही. पाऊस असला तर पंपघरातच कागदावर बघू.

कळावे,

आपला,
घर क्रमांक 14 चा सभासद

सोबत: हाताने काढलेला नकाशा, तीन दुकानांचे भाव, शेड वापरू इच्छिणाऱ्या 11 घरांच्या सह्या